पूर्व आफ्रिकेची ओळख करून द्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

सई_वाचते
आमच्या वाचनगटाने पुढचे काही महिने पूर्व आफ्रिका घ्यायचं ठरवलंय. मंडळी वाचणारी आहेत, पण केनिया म्हटलं की सिंह, युगांडा म्हटलं की हुकूमशहा इदी अमीन, त्यापुढे पाटी कोरी. युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घेण्याचे नियम ठरवले ती बर्लिन परिषद (१८८४-८५), मग वसाहती, मग स्वातंत्र्य, मग आजचं राजकारण असा क्रम लावलाय, पण तो मलाच कंटाळवाणा वाटतोय. तिथे राहिलेलं कोणी आहे का इथे?

नाकुरूवाले_काका
मी आहे. केनियात, नाकुरूत नोकरीला होतो.

बर्लिनचं नमन नको, घडाभर तेल तिथेच जाईल. केनिया, युगांडा, टांझानिया असे तीन देशही एकदम घेऊ नकोस. केनिया घे, आणि केनियातली जमीन घे.

रेल्वेपासून सुरू कर. १८९६ साली ब्रिटिशांनी मोंबासा बंदरापासून रूळ टाकायला घेतले, १९०१ साली व्हिक्टोरिया सरोवर गाठलं. राबायला सुमारे ३२ हजार मजूर ब्रिटिश भारतातून नेले होते. गाडी धावली, पण वाहायला माल कुठे होता? म्हणून गोऱ्या शेतकऱ्यांना बोलावून थंड, सुपीक पठारं त्यांच्या हवाली केली. तीच 'व्हाइट हायलँड्स'. १९१५ च्या कायद्याने भाडेपट्टा किती वर्षांचा ठरला? ९९९! हा आकडा फळ्यावर लिही आणि पुसू नकोस.

मालक आले, आता मजूर हवेत. स्वतःच्या शेतीवर भागत असताना दुसऱ्याकडे कोण राबेल? मग झोपडीवर कर बसवला, तोही रोकड्यात. आणि 'किपांडे' आणलं. सोळा वर्षांवरच्या आफ्रिकी पुरुषाने बोटांचे ठसे असलेला नोंदीचा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा. आधीच्या मालकाने त्यावर सही करून मोकळं केल्याशिवाय दुसरीकडे काम धरायची सोय नाही. एक पूर्ण बैठक या डबीला दे. गोऱ्याच्या गळ्यात अशी डबी होती का, हे कोणीतरी आपणहून विचारेल, तोवर तू गप्प बस.

पुढे माऊ माऊचा, म्हणजे मुख्यतः किकुयू लोकांनी जमिनीसाठी ब्रिटिशांविरुद्ध केलेला उठाव. १९५२ ते १९६० आणीबाणी. मारले गेलेले गोरे वसाहतकार ३२, फासावर चढवलेले आफ्रिकी १,०९०. छावण्यांमधल्या छळाबद्दल ब्रिटिश सरकारने २०१३ मध्ये खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड मान्य केले. माफी हा शब्द मात्र जपून टाळला.

खरं घोडं पेंड खातं ते १९६३ च्या स्वातंत्र्यानंतर. जमीन फुकट परत मिळालीच नाही. गोऱ्यांकडून विकत घ्यायची, त्यासाठी कर्ज बरंचसं ब्रिटनचंच! ज्यांची सत्तेत ऊठबस, त्यांना मोठाले मळे. नाकुरूच्या आसपासच्या रिफ्ट व्हॅली भागात बाहेरची कुटुंबं येऊन वसली, मूळची मंडळी धुमसत राहिली. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर ते पेटलं. अकराशेवर माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास विस्थापित झाली. नाकुरूतले आमचे शेजारी मतदान जवळ आलं की पोरांना गावी धाडायचे, पीठ-तेल भरून ठेवायचे. त्यांच्याबद्दल कुणी 'आफ्रिकेत टोळ्या भांडतात' म्हणालं की माझं डोकं फिरतं.

२०१० च्या राज्यघटनेने परदेशी माणसाचा पट्टा जास्तीत जास्त ९९ वर्षांवर आणला. तेव्हा फळ्याकडे बोट दाखव.

चौकस_बाई
काका, छान, पण तुमच्या हिशेबात इतिहास गोऱ्यांच्या रेल्वेतूनच उतरतो. किनाऱ्याचं काय? मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये आजच्या टांझानियातल्या किल्व्याला गेला तेव्हा तिथे भरभराटीचं बंदर होतं. आणि टांझानिया वगळून कसं चालेल? तिथले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यातून समाजवादाची वेगळीच वाट धरली. अर्थव्यवस्था धापा टाकू लागली, पण स्वाहिली सगळ्यांची झाली आणि जमातींचं राजकारण फोफावलं नाही.

नाकुरूवाले_काका
बाई, किल्वा हवंच. पण आधी जिवंत माणसांची ओढ लागू दे, मग चौदावं शतक. किनाराही जमिनीतच येतो म्हणा. मोंबासाजवळची दहा मैलांची पट्टी १९६३ पर्यंत कागदोपत्री झांझिबारच्या सुलतानाची होती आणि तिथले मालकीचे वाद अजून मिटलेले नाहीत. टांझानिया तुलनेला उत्तम, शेवटून दुसऱ्या बैठकीत.

सई_वाचते
आणि भारतीय? गटात पहिला प्रश्न तोच येणार.

नाकुरूवाले_काका
येऊ दे, पण एकाच बैठकीत आटप, नाहीतर सगळा वेळ 'आपली माणसं' खातील. १९७२ मध्ये अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला लावलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. केनिया सरकारने २०१७ मध्ये तिथल्या आशियाई समाजाला देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, हे सांग आणि गटाची तोंडं बघ.

शेवटची बैठक जून २०२४ च्या आंदोलनावर. करवाढीच्या विधेयकाविरुद्ध विशीतली पोरं नैरोबीच्या रस्त्यावर उतरली, २५ तारखेला संसदेत घुसली, गोळीबारात माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी सही करणार नाही म्हणून सांगितलं. ती पोरं म्हणत होती, आम्हाला जमात नाही. त्यावर गटात भांडण लागलं तर लागू दे.