श्वासाबरोबर नाकपुड्या कशा हलतात?

प्रश्न: धाप लागली की प्रत्येक श्वासाबरोबर नाकपुड्या फुलतात. चेहऱ्याचे स्नायू सातव्या मस्तिष्क-चेतेच्या (मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूच्या) ताब्यात असतात, श्वासपटल (छाती व पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) मात्र मानेतून निघणाऱ्या फ्रेनिक चेतेच्या. मग या दोहोंचा मेळ कोण घालते?

प्रतिसाद १: हा मेळ मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात बसतो. त्याच्या खालच्या भागातील, म्हणजे लंबमज्जेतील प्री-बॉट्झिंगर संकुल हा चेतापेशींचा लहानसा समूह श्वास आत घेण्याची लय निर्माण करतो, हे १९९१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. नाकपुड्यांचे स्नायू श्वासपटलाच्या किंचित आधी आकुंचन पावतात, त्यामुळे हवा ओढली जाण्यापूर्वीच वाट रुंद आणि ताठ झालेली असते. ही पूर्वतयारी मला फार विलक्षण वाटते.

प्रतिसाद २: उंदराच्या मिशांचे उदाहरण अधिक बोलके आहे. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड क्लाइनफेल्ड, मार्टिन देशेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की मिशा हलवण्याची लय निर्माण करणारा चेतापेशींचा समूह लंबमज्जेच्या जालरचनेत (चेतापेशींच्या जाळ्यात) वेगळा असतो, परंतु श्वासाचे केंद्र प्रत्येक अंतःश्वासाला त्याची लय नव्याने सुरू करून देते. म्हणूनच हुंगताना मिशांची प्रत्येक हालचाल श्वासाशी जुळते, आणि श्वास संथ असताना दोन श्वासांच्या मध्ये मिशांच्या जादा हालचाली होऊ शकतात. उलट, गिळताना श्वास क्षणभर थांबतो, तेही मस्तिष्कस्तंभाचेच काम.

प्रतिसाद ३: तान्ह्या बाळाच्या नाकपुड्या सतत फुलत असतील, तर ते श्वसनकष्टाचे लक्षण असू शकते, त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.