पेन दुखतं की पेन लिहितं? मुलांच्या इंग्रजी पुस्तकातली देवनागरी पुसून टाकावी का?

पाटीपेन्सिल
माझी भाची मराठी माध्यमात सातवीला आहे. परवा तिनं निबंधात 'आजीच्या गुडघ्यात पेन आहे' असं इंग्रजीत लिहिलं, आणि स्पेलिंग दिलं लिहायच्या पेनाचं. बाईंनी लाल रेघ मारली. चुकलं कुठे, हे तिला काही केल्या कळेना. मग तिचं पुस्तक उघडून पाहिलं. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहिलेला. कंबर म्हणजे वेस्ट, पश्चिम म्हणजे वेस्ट, वाया घालवणं म्हणजेही वेस्ट. चव टेस्ट, परीक्षा टेस्ट. 'सेल' तर चार जागी: विकणे, विक्री, जहाजाचं शीड आणि घड्याळातला सेल.

या चारांत विक्री आणि शीड यांचा उच्चार खरोखर एकच आहे. विकणे आणि घड्याळातला सेल, यांचाही एक. पण पहिली जोडी वेगळी, दुसरी वेगळी. पहिलीतला ए शेवटी इ कडे घसरतो, दुसरीतला आखूड राहतो. आपल्याकडे ए एकच, म्हणून चौघांना एकाच दावणीला बांधलं. माझं मत स्पष्ट आहे: पाचवीनंतर ही पेन्सिल बंद करावी. मूल जे लिहितं तेच त्याला ऐकू यायला लागतं.

काठावरचा
अजिबात पटलं नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण ज्या घरात इंग्रजीचा एक शब्दही कानावर पडत नाही तिथल्या मुलाला ती पेन्सिलीची ओळ हाच आधार होता. मी स्वतः तसाच शिकलो. ती काढून घेतलीत तर मूल वाचणंच सोडून देईल.

आणि दोष देवनागरीचा कसा? रात्र आणि सरदार, दोन्ही 'नाइट'. सरदाराच्या स्पेलिंगमधला आरंभीचा क सतराव्या शतकापर्यंत लोक उच्चारत होते. नंतर तो बोलण्यातून गेला, कागदावर राहिला. भेटणं आणि मांस, दोन्ही 'मीट'. हे स्वर एके काळी वेगळे होते. पंधराव्या ते अठराव्या शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकत गेले, त्यात हे दोन एकमेकांत मिसळले. छपाईमुळे स्पेलिंग मात्र बरीचशी जुन्या जागीच राहिली. म्हणजे लंडनच्या मुलालाही हे पाठच करावं लागतं. आपल्याकडे 'मांडवात वर वर बघतोय' म्हटलं तर कोण गोंधळतं? वाक्य सांगतं कोणता वर नवरदेव ते.

पाटीपेन्सिल
'वर' दोन्हीकडे सारखाच ऐकू येतो, म्हणून तिथे वाक्यावर सोडणं ठीक. 'नाइट'चंही तेच. पण पेन आणि वेस्ट मुळात सारखे नाहीत, ते आपण सारखे केलेत. या दोन गोष्टींची गल्लत नको.

दीर्घवेलांटी
लिपीवर भांडताय, पण अडचण जिभेची आहे. जहाज 'शिप', मेंढी 'शीप'. देवनागरीत फरक स्वच्छ लिहिता येतो, तरी आपली मुलं दोन्हीला शीपच म्हणतात. कारण मराठीत इ-उ यांची लांबी बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवर ठरते: फूल पण फुलाला, मीठ पण मिठाचा. एका दमात संपणारा शब्द आपण आपोआप लांबवतो. शिवाय इंग्रजीत हा फरक नुसत्या लांबीचा नाही, जीभही थोडी खाली येते. कान आणि तोंड तयार करा. पेन्सिल ठेवा नाहीतर पुसा.

लेथवाला
मी मशीन शॉपमध्ये आहे. आमच्याकडे उच्चारावरून कधी काही अडलं नाही, अडतं ते एकाच शब्दाच्या अनेक अर्थांवर. एका नव्या पोरानं ड्रॉइंगवर 'रनआउट ०.०२' वाचलं. त्याला क्रिकेटमधला रनआउट माहीत, माल संपला की इंग्रजीत रन आउट म्हणतात तेही माहीत. पण इथे अर्थ असा की जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरताना त्याला टेकवलेल्या डायल गेजचा (बारीक हालचाल मोजायच्या उपकरणाचा) काटा दोन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. त्यानं तो आकडा सोडून दिला आणि अख्खा लॉट परत आला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'रन' या एकट्या क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ आहेत. ते पेन्सिलीनं वर कसे लिहिणार? शब्द सुटा शिकवूच नये.

काठावरचा
लेथवाल्यांशी सहमत. पण पाटीपेन्सिल, एक करून बघा. देवनागरी पुसू नका, नीट लिहा. दुखण्याला 'पेइन', कमरेला 'वेइस्ट', फाटकाला 'गेइट'.

पाटीपेन्सिल
आज करून पाहिलं. खरं सांगते, 'पेइन' लिहिल्यावर ती पहिल्यांदाच दोन्ही शब्द वेगळे म्हणाली, आणि स्पेलिंगमधलं जास्तीचं अक्षर कशासाठी ते तिचं तिनंच ओळखलं. तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे घेते. 'शिप'वर मात्र अडलो. ऱ्हस्व लिहिलं, तिनं ऱ्हस्व वाचलं, आणि पुढच्याच वाक्यात बंदरात पुन्हा मेंढी उभी राहिली.