केबल ओढताना कंबर-खांदे धरतात, उपाय?

प्रश्न: चाकणला शेडमध्ये ३.५ कोर (तीन पूर्ण आणि एक निम्म्या जाडीची तार) ३०० स्क्वेअर एमएम अॅल्युमिनियम आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, १२० मीटर, दोन वळणं. आठ माणसं आहेत. संध्याकाळपर्यंत निम्म्यांची कंबर धरते. काय बदलावं?

उत्तर १: ही केबल मीटरला पाचेक किलो, म्हणजे एकूण सहाशे. माणसं वाढवून भागणार नाही, घर्षण कमी करा. सरळ भागात दर २-३ मीटरला रोलर, वळणावर कॉर्नर रोलर. केबल गुंडाळलेला ड्रम जॅकवर, जमिनीपासून चार बोटं वर, आणि केबल ड्रमच्या वरच्या बाजूने सुटू द्या. टोकाला स्टॉकिंग (केबलवर चढवायची तारेची जाळी) लावून दोर बांधा. नुसती केबल मुठीत धरली की मनगट जातं.

उत्तर २: शिट्टी एकाच्याच हातात हवी. कंबर लचकते ती बहुतेक वेळा एकाने ओढलं आणि बाकीचे थांबले तेव्हा. वळणाच्या आतल्या बाजूला कुणी उभं राहू नये.

उत्तर ३: लग क्रिम्पिंग (तारेच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवणं) विसरू नका. हाताने पंप मारायचं टूल खांद्याच्या वर धरून दिवसभर चालवलं की खांदा गेलाच. बॅटरीचं घ्या, नाहीतर घोडा (उंच स्टँड) लावून काम छातीच्या उंचीवर आणा. पायात मुंग्या आल्या तर मलम चोळत बसू नका, ऑर्थोपेडिककडे पाठवा.