एचसीएन आणि एचसीओ प्लसच्या गुणोत्तरावरून दीर्घिकेच्या केंद्राबद्दल किती बोलता येतं?

रेणूवेडा:
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. प्रकल्पासाठी एनजीसी २५३ या दीर्घिकेच्या केंद्रातले रेणू घेतलेत. चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या अर्काइव्हमधून डेटा उतरवला आणि कासा या सॉफ्टवेअरमध्ये कसाबसा उघडला. जुन्या पेपरांत वाचलं होतं की एचसीएनची (हायड्रोजन सायनाइड) वर्णपटातली रेषा एचसीओ प्लस या आयनाच्या रेषेपेक्षा बरीच ठळक असेल तर केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळतंय असं समजायचं, नाहीतर ताऱ्यांची जोरदार निर्मिती. माझ्याकडे दोन्ही जवळपास सारख्याच निघाल्या. आता काय लिहू? शिवाय ढग हायड्रोजनचे, मग आपण हायड्रोजनच का मोजत नाही? आमचे सर भौतिक रसायनाचे आहेत, खगोलाचं मलाच निस्तरायचंय.

खोडदकर:
आपली जीएमआरटी रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ उभी आहे की! तिथं वेळ मागा, चिलीपर्यंत कशाला जाता?

मिलीमीटरवाली:
खोडदकर दादा, जीएमआरटीची धाव साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत. अणुरूप हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा तिथं झकास मिळते. पण एचसीएनची सगळ्यात खालची रेषा ८८.६ गिगाहर्ट्झला आहे. त्याला फार गुळगुळीत तबकडी आणि बाष्प नसलेली हवा लागते, म्हणून तर अल्मा ५,००० मीटर उंचीवर वाळवंटात बसवली.

रेणूवेडा, एकेरीवर येते, राग नसावा. आधी हायड्रोजनचं. त्याच्या रेणूची दोन्ही टोकं सारखी, कायमचा द्विध्रुव (एक टोक धन, दुसरं ऋण) नाही, त्यामुळे गार ढगात तो गप्प असतो. त्याची सर्वात सोपी रेषासुद्धा २८ मायक्रॉनला, आणि ती पायरी चढायला ५१० केल्विनच्या तोडीची ऊर्जा हवी. ढग असतात १०-२० केल्विनचे. कार्बन मोनॉक्साइडला ५.५ केल्विन पुरतात, म्हणून त्याच्यावरून हायड्रोजनचा हिशेब मांडतात. त्या हिशेबातला गुणक दीर्घिकेगणिक बदलतो, ही वेगळीच डोकेदुखी.

आता तुझं गुणोत्तर. नुसत्या त्या एका आकड्यावर मी तरी एक वाक्यही लिहिणार नाही. एचसीओ प्लस बनतो कसा बघ: वैश्विक किरण हायड्रोजन रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतो, त्यातून एच३ प्लस तयार होतो आणि तो आपला प्रोटॉन कार्बन मोनॉक्साइडला देऊन टाकतो. म्हणजे किरणांचा मारा वाढला की एचसीओ प्लस वाढायला हवा. पण मोकळे इलेक्ट्रॉन फार झाले की तेच त्याला मोडतात. एचसीएनला उजळायला त्याच्यापेक्षा जास्त घनता लागते, आणि गरम धुळीचा १४ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश त्याला वेगळाच चढवून ठेवतो. नायट्रोजनचा साठा हाही प्रश्न आहेच: मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, नायट्रोजन कमी, तिथं एचसीओ प्लसच वरचढ दिसतो. यातल्या कुठल्याही दोन कारणांची बेरीज-वजाबाकी होऊन तुझं ‘जवळपास सारखं’ येऊ शकतं. सक्रिय कृष्णविवर नसलेल्या दीर्घिकांतही एचसीएन ठळक सापडलाय, त्यामुळे ती जुनी कसोटी आता कुणी डोळे झाकून वापरत नाही.

त्यात दोन्ही रेषा अपारदर्शक. आपल्याला ढगाची फक्त साल दिसते. कार्बन-१३ असलेलं एचसीएन ८६.३४ गिगाहर्ट्झला शोध. ते विरळ असल्यामुळे आतपर्यंतचा हिशेब देतं.

आणखी एक, खरं तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. २५३ आपल्यापासून सुमारे १.१ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. स्पेनमधल्या ३० मीटरच्या दुर्बिणीचा ८८ गिगाहर्ट्झचा ठिपका (एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा) तिथं दीड हजार प्रकाशवर्षांचा पडतो. केंद्रातला जवळजवळ सगळा प्रकार एकाच मिसळीत. अल्मावरच्या आल्केमी सर्वेक्षणाने तेच केंद्र १.६ कोनीय सेकंदांच्या बारकाईने पाहिलं, म्हणजे साधारण ९० प्रकाशवर्षं. ८४ ते ३७३ गिगाहर्ट्झ सलग धुंडाळून शंभराहून जास्त रेणू मिळाले. या एवढ्याशा जागेत वर्षाला सुमारे २ सूर्यांइतके तारे बनतात, आपल्या अख्ख्या आकाशगंगेच्या तोडीचं काम. त्यामुळे किरणांचा माराही जबर. हायड्रोनियम आयन आणि सीसीएच (दोन कार्बन, एक हायड्रोजन) यांच्यावरून तो आपल्याकडच्या ढगांच्या हजारपटींहून जास्त निघाला.

म्हणून आकडा सोडून नकाशा काढ. मिथेनॉल धूलिकणांवरच्या बर्फात तयार होतं, आघात बसला की वायूत उधळतं. सिलिकॉन मोनॉक्साइडही जोरदार धक्क्याने कण फुटले की दिसतो. सीसीएच ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाच्या आसपास. आयसी ३४२ या दीर्घिकेत २००५ सालीच दाखवलं होतं की मिथेनॉल वायू आदळतो त्या भुजांवर आणि सीसीएच मध्यभागी तरुण ताऱ्यांपाशी. तसं काही तुझ्या नकाशात उमटलं तर प्रकल्पाला जीव येईल.

(नोव्हेंबरच्या रात्री पुण्याहून २५३ साध्या द्विनेत्रीतून दिसते, दक्षिणेला. ज्याच्यावर प्रकल्प करतोस ती एकदा बघून घे की.)

खडूफळा:
ताईंनी एचसीओ प्लसचं नाव काढलं म्हणून. १९७० मध्ये बूल आणि स्नायडर या खगोलशास्त्रज्ञांना ८९.२ गिगाहर्ट्झला एक रेषा मिळाली, कुठल्याच ज्ञात रेणूशी जुळेना. त्यांनी तिला ‘एक्सोजेन’ म्हटलं. रसायनशास्त्रज्ञ क्लेम्पररनी एचसीओ प्लस सुचवला, पण प्रयोगशाळेत त्याची रेषा मोजून पक्कं व्हायला १९७५ उजाडलं. आमच्यासारख्या वर्णपटवाल्यांशिवाय तुमचं आकाश मुकंच राहिलं असतं हो! तुझ्या सरांना हा भाग जरूर आवडेल, प्रस्तावनेत घाल.

रेणूवेडा:
खूप आभार. ताई, कार्बन-१३ वालं एचसीएन सापडलं! पण ८६.७५ ला कार्बन-१३ वालं एचसीओ प्लस आणि ८६.८५ ला सिलिकॉन मोनॉक्साइड, दोघांच्या कडा एकमेकींत घुसल्यात. वेगळे कसे करू?

मिलीमीटरवाली:
अगदी मध्यापासून सुरुवात करू नकोस, तिथं रेषा फार रुंद आहेत. कडेचा एखादा ढग घे, रेषा अरुंद मिळतील. मग दोन्हींवर एकदम दोन गाउसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) बसव. वेग आणि रुंदी कार्बन-१३ वाल्या एचसीएनवरून घेऊन बांधून टाक, फक्त उंची मोकळी ठेव. सिलिकॉन मोनॉक्साइडची रुंदी मात्र नंतर सोडून बघ, धक्क्यातला वायू बहुधा जास्त पसरलेला असतो. जमलं की आलेख इथंच टाक.