लेख माणसाने लिहिलाय की एआयने, हे कशावरून ठरवायचं?

गडवाट: वार्षिकांकासाठी रायगडावर एक लेख आलाय. भाषा गुळगुळीत, शेवटी भरगच्च संदर्भसूची. एआयचा मजकूर ओळखणारा डिटेक्टर म्हणतो, बहुतेक एआयचाच. एवढ्यावर परत पाठवावा का?

मुद्रितशोधक: अजिबात नको. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याने एआयचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर उगाच ठपका ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये ते बंद केलं. आणि हे आकडे इंग्रजीचे. मराठीत तर भरवसाच नको. 'महत्त्वाची भूमिका बजावते' असल्या वाक्यांवरूनही काही ठरत नाही, वर्तमानपत्रांत ती पूर्वीपासून आहेत.

दप्तरखाना: संदर्भसूची उघडा, खरं काय ते तिथेच कळतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, १३ अंकी असेल तर पहिल्या बारा अंकांना ओळीने १, ३, १, ३ असं गुणा, बेरीज करा, तेरावा अंक मिळवा. एकूण बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर क्रमांक चुकलाय किंवा रचलेला आहे. भाग गेला तरी ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये तो टाकून बघा. क्रमांक खरा, पण पुस्तक भलतंच, असंही निघतं.

गडवाट: एक नोंद 'रायगड जिल्हा गॅझेटियर, १८८३' अशी आहे. पृष्ठक्रमांकही दिलाय.

दप्तरखाना: या नावाचा १८८३ चा खंड नाही. त्या वर्षीचा या भागाचा खंड कुलाबा आणि जंजिऱ्याचा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला, म्हणजे सरकारी माहितीग्रंथातला, अकरावा. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं. पण थांबा, आजचं नाव सवयीने लिहिणारी माणसंही असतात. म्हणून अकराव्या खंडातलं ते पान काढून वाचा. लेखातली माहिती तिथे असेल तर फक्त नाव दुरुस्त करा. नसेल तर लेखकाकडे त्या पानाचा फोटो मागा.

मुद्रितशोधक: दुवेही तपासा. पत्त्याच्या शेवटी 'यूटीएम सोर्स' (utm_source) आणि पुढे चॅटजीपीटी (chatgpt) दिसलं, तर दुवा तिथून उचललाय. मात्र तेवढ्याने लेखही तिथलाच असं होत नाही. काही जण चॅटजीपीटी फक्त शोधायला वापरतात. शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या (**) राहिल्या असतील तर बॉटच्या उत्तरातून चिकटवल्याची शंका घ्यायला जागा आहे.

लेख परत करायचाच झाला, तर पत्रात एआयचा उल्लेख नको, तो सिद्ध करता येणार नाही. 'अमुक संदर्भ सापडत नाही' एवढं लिहा आणि नोंदीचा क्रमांक द्या.