एसएसबीत शिफारस, मेडिकलला ‘ओव्हरवेट’: १७० सेंमी, ७१ किलो, पैलवान. ४२ दिवसांत काय करावं?

कृष्णाकाठ

भाच्याची सीडीएसमधून (सैन्यात अधिकारी होण्याची परीक्षा) एसएसबीत, म्हणजे निवड मंडळापुढे, शिफारस झाली. मेडिकल बोर्डात एकच शेरा बसला: ओव्हरवेट, टीआर (तात्पुरता नापास). वय २१, उंची १७०, वजन ७१. कंबर ७९ सेंमी, नितंबांचा घेर ९४. पोर तालमीतलं, राज्य पातळीवर खेळलेलं. पोट सुटलेलं नाही, सगळा भार मांड्या, पाठ आणि मानेचा. अपील बोर्डात, म्हणजे फेरतपासणीत, पैलवान म्हणून सूट मिळते का, की वजनच उतरवायचं? आणि हा नियम नोकरीत असलेल्यांनाही इतकाच कडक लावतात का?

चार्टवाचक

सैन्याचा उंची-वजनाचा चार्ट बीएमआयवरून (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) बनवलाय, त्यामुळे आकडे घरीच काढता येतात. किमान वजन सगळ्या वयांना बीएमआय १८.५ प्रमाणे. कमाल मर्यादा १७ ते २० वर्षांना २२, २० ते ३० ला २३, ३० ते ४० ला २४ आणि ४० च्या पुढे २५. म्हणजे १७० सेंमी उंचीला किमान ५३.५ किलो आणि कमाल वयानुसार ६३.६, ६६.५, ६९.४, ७२.३. भाचा साडेचार किलो वर आहे, शेरा चुकीचा नाही.

सूट आहे, पण नीट वाचा. शरीरसौष्ठव, कुस्ती किंवा बॉक्सिंग राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचा कागदोपत्री पुरावा लागतो. तो असला तरी बीएमआय २५ च्या खाली, कंबर-नितंब गुणोत्तर पुरुषांना ०.९ च्या खाली आणि बायकांना ०.८ च्या खाली, कंबर अनुक्रमे ९० आणि ८० सेंमीच्या आत, शिवाय साखर, चरबी वगैरे रक्ताचे आकडे नॉर्मल. चारही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. भाच्याचा बीएमआय २४.६, गुणोत्तर ०.८४, कंबर ७९. मापांत तो आरामात बसतो, अडतो फक्त सर्टिफिकेटवर.

हे मला पटत नाही. वजन चरबीचं की स्नायूंचं, हे कंबर सांगते, मग स्पर्धेची पातळी कशाला विचारायची? राज्य पातळीच्या पैलवानाची ७९ सेंमी कंबर राष्ट्रीय पैलवानापेक्षा जास्त धोक्याची नसते. शिवाय १७० सेंमीला बीएमआय २५ म्हणजे ७२.३ किलो, त्यामुळे ७४ किलो गटातला राष्ट्रीय पैलवान पुरावा असूनही बाहेरच. वयाची पायरीही अशीच आहे: ६५ किलोचा मुलगा विसाव्या वाढदिवसाच्या आधी ओव्हरवेट, वाढदिवसानंतर फिट.

आकडे मात्र हवेतून आलेले नाहीत. आशियाई लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह-हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये २३ हा सावधगिरीचा आकडा सुचवला होता, आणि ९०/८० ही कंबर दक्षिण आशियाई लोकांसाठी वापरली जाते.

कृष्णाकाठ

अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत भाग घेतल्याचं प्रमाणपत्र आहे त्याच्याकडे. चालेल?

चार्टवाचक

मूळ प्रत आणि दोन साक्षांकित प्रती घेऊन जा, वजनगट आणि वर्ष स्पष्ट दिसलं पाहिजे. मानायचं की नाही ते बोर्ड ठरवेल. त्याच्या भरवशावर वजन कमी करणं थांबवू नका.

एमएच_लॅब

पूर्णपणे सहमत. अपील बोर्ड ४२ दिवसांच्या आत व्हावं लागतं, आणि तिथेही अनफिट ठरवलं तर रिव्ह्यूचा, म्हणजे आणखी एका तपासणीचा, अर्ज एका दिवसात द्यायचा असतो. रिव्ह्यू पुण्याच्या एएफएमसीत (सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय) किंवा दिल्लीच्या आर अँड आर या लष्करी रुग्णालयात होतो, पण तो मिळेलच असं नाही. सगळा जोर अपीलवर द्या.

लक्ष्य ६६.५ नको, ६६ ठेवा. काटे दोनतीनशे ग्रॅम इकडेतिकडे असतात. पाच किलो सहा आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला ८०० ग्रॅमच्या आसपास. त्यासाठी रोज साधारण ९०० कॅलरींची तूट हवी. पैलवानाच्या बाबतीत ही तूट खुराकातच सापडते: १०० ग्रॅम तूप म्हणजे जवळपास ९०० कॅलरी. तूप आणि बदामाची थंडाई पहिल्या दिवसापासून बंद. अंडी, चिकन, मासे, ताक, डाळ यांतून रोज १२० ते १४० ग्रॅम प्रथिनं चालू ठेवा, नाहीतर ताकद जाईल. भाकरी अर्धी करा, बंद नको.

सगळ्यात जास्त मुलं शेवटच्या चार दिवसांत फसतात. प्लास्टिकचा सूट घालून पळणं, पाणी तोडणं, लघवीच्या गोळ्या. काट्यावर ६६ दिसतं, पण नाडी ११० आणि लघवी गडद. उपाशी राहिलं की लघवीत कीटोन (चरबी जळताना बनणारे पदार्थ) येतात आणि काहींचं बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) वर जातं. आदल्या दिवशी हजार बैठका मारल्या तर लघवीत प्रोटीन किंवा रक्त दिसू शकतं, एसजीओटी हे रक्तातलं एन्झाइमही वाढतं, आणि ते स्नायूंतून आलंय की लिव्हरमधून हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. क्रिएटिन पावडरने क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) चढतं. वजनाची हरकत मिटते आणि नवी उभी राहते. म्हणून क्रिएटिन आजच बंद, शेवटचे चार-पाच दिवस जोर-बैठका आणि वजनं बंद, फक्त चालणं. दहा दिवस आधी बाहेरच्या लॅबमध्ये लघवी, एलएफटी (लिव्हरची तपासणी), क्रिएटिनिन, उपाशीपोटी साखर आणि लिपिड करून घ्या.

कंबरेचं माप पॅन्टच्या पट्ट्यापाशी नसतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप आडवी आणि त्वचेत न रुतवता. बेंबीवर घेतलं तर काही सेंटिमीटरचा फरक पडतो. माप भलतीकडे घेत असतील तर तिथेच नम्रपणे सांगा, सही झाल्यावर उपयोग नाही.

माजी_सुभेदार_सातारा

नोकरीतलं विचारलंत म्हणून. चार्ट सगळ्यांना आहे, चाळिशीच्या पुढचा रकाना त्यासाठीच. पण परिणाम वेगळा होतो. उमेदवाराला दार बंद होतं. नोकरीतल्या माणसाची मेडिकल श्रेणी खाली जाते. ‘शेप’ या श्रेणीपद्धतीतला पी, म्हणजे शारीरिक क्षमता, घसरला की कोर्स, बढती, पोस्टिंग अडकतं, ठरावीक आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. वजन उतरलं की श्रेणी परत मिळते.

पूर्वी ढिलाई व्हायला जागा होती. पीपीटी आणि बीपीईटी या शारीरिक चाचण्या युनिटच्या सीओच्या (कमांडिंग ऑफिसर) देखरेखीखाली होत. ज्या माणसाकडून रोज काम करून घ्यायचंय त्यालाच नापास करणं कुणालाही जड जातं. २०२४ च्या धोरणात ब्रिगेडियर दर्जाचा अध्यक्ष, दोन कर्नल आणि एक डॉक्टर असं मंडळ आलं, सहा महिन्यांनी १० किमी स्पीड मार्च आणि ३२ किमी रूट मार्च आला, प्रत्येकाचं एपीएसी, म्हणजे शारीरिक क्षमतेच्या नोंदीचं, कार्ड आलं. ओव्हरवेट माणसाला ३० दिवस सुधारायला, नंतर रजेला कात्री.

मला हे बरोबर वाटतं, कारण यात वजनाबरोबर पळणं-चढणंही मोजलं जातं. भरतीच्या मेडिकलला डॉक्टरपुढे फक्त काटा आणि टेप असते, पाच किलोमीटर पळायला लागलेली वेळ नसते. कृष्णाकाठ, भाच्याला आजच सकाळी उपाशीपोटी, शौचानंतर, लंगोटावर काट्यावर उभा करा आणि तो आकडा लिहून ठेवा. पुढे दर रविवारी तसंच. दोन रविवार ओळीने ५०० ग्रॅमपेक्षा कमी उतरलं तर रात्रीच्या जेवणातला भात काढा.