क्रूझवरील फुकटचे पाणी प्यावे, की बाटल्यांचे पॅकेज आधीच घ्यावे?

प्रश्न : गंगापूर रोडकर

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब सिंगापूरहून निघणाऱ्या एका क्रूझवर जाणार आहोत. बरोबर आई-बाबा आहेत, दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, आणि आईला घरीसुद्धा उकळलेल्या पाण्याखेरीज दुसरे पाणी चालत नाही. टूर कंपनीने दिलेल्या माहितीपत्रकात एका ठिकाणी ‘जेवण व पिण्याचे पाणी भाड्यात समाविष्ट’ असे म्हटले आहे, तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘बाटलीबंद पाणी स्वखर्चाने’ अशी ओळ आहे. कार्यालयात विचारले असता तेथील मुलाने, ‘जहाजावरचे पाणी समुद्राचे असते, त्यापेक्षा बाटल्यांचे पॅकेज घेऊन टाका’ असा सल्ला दिला. बारा बाटल्यांच्या एका पॅकेजची किंमत दोन हजार रुपयांच्या पुढे जाते आणि आम्हा सर्वांना एक पॅकेज पुरणार नाही हे उघड आहे.

पैशांचा प्रश्न आहेच, परंतु त्याहून अधिक काळजी आई-बाबांच्या पोटाची आहे. जहाजावर जे पाणी फुकट मिळते ते नेमके कोठून येते, ते वयस्कर माणसांना द्यावे काय, आणि येथून बाटल्या बरोबर नेता येतात काय, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जलशुद्धीकरण, सातपूर

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली असल्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो. कार्यालयातील मुलाने सांगितले ते अर्धे खरे आहे. मोठ्या जहाजावरील बरेचसे पाणी समुद्राचेच असते, पण ते ज्या प्रक्रियेतून जाते ती पाहिल्यावर घाबरण्याचे कारण उरत नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते काढण्याच्या दोन पद्धती जहाजांवर प्रचलित आहेत. पहिलीत इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची उष्णता वापरून समुद्राचे पाणी कमी दाबाखाली उकळतात. दाब कमी असल्यामुळे ते शंभर अंशांच्या बरेच खाली उकळते, वाफ निघते आणि ती थंड करून गोडे पाणी मिळवतात. दुसरी पद्धत आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचीच आहे; फरक इतकाच की समुद्राचे पाणी त्या पडद्यातून ढकलण्यासाठी पन्नास-साठ पट वातावरणीय दाब द्यावा लागतो. याशिवाय बंदरात उभे असताना जहाज किनाऱ्यावरूनही पाणी भरून घेते, आणि सिंगापूरसारख्या ठिकाणी, जेथे नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य असते, ते पाणी उत्तमच असते. बंदरातले पाणी घाण असण्याचा संभव असल्यामुळे तेथे किंवा नांगर टाकलेला असताना समुद्राचे पाणी शुद्धीकरणासाठी ओढू नये, असा संकेत आहे.

अशा प्रकारे मिळालेले पाणी इतके निःक्षार असते की ते बेचव लागते आणि नळांचा धातूही खाते, म्हणून त्यात पुन्हा थोडे खनिज मिसळतात. कमी तापमानाला उकळल्याने सर्व जंतू मरतीलच याची खात्री नसते, म्हणून त्यानंतर क्लोरीन देतात. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा जहाज-स्वच्छतेचा कार्यक्रम १९७०च्या दशकापासून चालू असून, त्याच्या नियमांनुसार पाणी तयार करताना किंवा भरून घेताना त्यात प्रति लिटर किमान २ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे लागते आणि जहाजाच्या सर्वांत दूरच्या नळाशीही ते किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहावे लागते. आपल्याकडील पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकातही शेवटच्या ग्राहकाच्या नळाशी हाच ०.२ चा आकडा आहे. म्हणजे गंगापूर धरणातून आपल्या नाशिककरांच्या घरापर्यंत येणाऱ्या पाण्याला आपण जी कसोटी लावतो, तीच तेथेही लावली जाते, आणि तेथे जलवाहिनी काही किलोमीटर लांब नसून एकाच जहाजात असते व तिच्यावर सतत नजर ठेवलेली असते.

येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे. सीडीसीची अचानक तपासणी, जिच्यात शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळालेले जहाज अनुत्तीर्ण ठरते, ती अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांपुरती आहे. सिंगापूरहून निघून तेथेच परतणाऱ्या जहाजाला ती लागू नाही. मात्र मोठ्या कंपन्यांची जहाजे हंगामानुसार एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवली जातात, त्यामुळे त्यांची यंत्रणा बहुधा त्याच मानकांना धरून उभारलेली असते. शिवाय आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार समुद्रपार जाणाऱ्या जहाजांना स्वच्छतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते व ते सहा महिनेच ग्राह्य असते. त्या तपासणीत पिण्याचे पाणीही पाहिले जाते.

राहता राहिली चव. क्लोरीनचा किंचित वास येऊ शकतो. पेला भरून थोडा वेळ उघडा ठेवल्यास किंवा पाणी गार करून प्यायल्यास तो बराच कमी होतो. विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून मुकणे धरणाचे पाणी घेणाऱ्या आपल्या सिडकोकरांना तो अगदीच परका वाटू नये.

उत्तर : माजी क्रूझ कर्मचारी, इंदिरानगर

मी हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण घेऊन काही वर्षे जहाजावरील भोजनकक्षात काम केले आहे, म्हणून पाणी कोठे फुकट असते आणि कोठे नसते हे सांगतो. वरील काकांनी पाण्याच्या शुद्धतेबद्दल लिहिले ते मान्यच आहे. पण तेथे भेद शुद्धतेचा नसतोच. पैसे लागतात ते बाटलीचे आणि ती आपल्या हातात आणून देण्याचे.

बुफेच्या दालनात पाण्याची व बर्फाची यंत्रे असतात व तेथे कितीही पाणी प्यावे, कोणी विचारत नाही. बहुतेक अमेरिकी कंपन्यांच्या मुख्य भोजनकक्षात आपण बसताच वाढपी पेल्यात बर्फाचे पाणी ओततो, तेही फुकट. खोलीतील बेसिनच्या नळालाही साधारणपणे तेच पाणी येते. तेथे ‘पिऊ नये’ अशी पाटी असेल तर मात्र ती पाळावी. आता पैशांचे पाणी. खोलीत शिरताच टेबलावर एक-दोन बाटल्या मांडलेल्या दिसतील आणि त्यांच्या गळ्यात कागदाची चकती अडकवलेली असेल. पुष्कळ लोक ती चकती न वाचता काढून टाकतात. तीवर बाटलीची किंमत असते आणि झाकण फिरवले की ती रक्कम आपल्या खोलीच्या खात्यावर चढते. आपल्या आई-बाबांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, अथवा खोलीची देखभाल करणाऱ्या माणसाला त्या बाटल्या उचलून न्यायला सांगावे; तो आनंदाने नेतो.

बंदरावर उतरताना शिडीजवळ आमचीच माणसे टेबल मांडून थंडगार बाटल्या घेऊन उभी असत. उन्हात निघालेला प्रवासी हात पुढे करी, कार्ड टेकवले जाई, आणि त्या बाटल्या मोफत नव्हत्या हे अनेकांना शेवटच्या दिवशीचे बिल हाती आल्यावर कळे. घरून रिकाम्या बाटल्या नेऊन सकाळी न्याहरीच्या वेळी भरून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे. विमानतळाच्या तपासणीतही रिकामी बाटली अडवत नाहीत. फक्त यंत्राच्या तोटीला आपल्या बाटलीचे तोंड लावू नये. एकाचे जंतू दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून अनेक जहाजांवर तशी मनाईच असते. पेला भरावा व तो बाटलीत ओतावा. वेळ लागतो, पण मागच्याने कुरकुर केली तरी हाच रिवाज योग्य आहे.

येथून पाणी नेण्याबद्दल प्रत्येक कंपनीचा नियम निराळा आहे. रॉयल कॅरिबियन पहिल्या दिवशी हातातल्या सामानातून प्रत्येक खोलीमागे मद्यरहित पेयांचे १२ डबे (कॅन) किंवा बाटल्या नेऊ देते. कार्निव्हलने २०१५ पासून बाटल्या बंद करून डबे व खोकी तेवढी ठेवली आहेत. आपल्या तिकिटावरील कंपनीचा चालू नियम तिच्या संकेतस्थळावर पाहावा, टूर कंपनीच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. तरीही नाशिकहून पाण्याचे ओझे नेणे मला तरी व्यर्थ वाटते. न्यायचेच असेल तर जहाजावर चढण्याआधी सिंगापुरातल्या दुकानातून घ्यावे.

उत्तर : कॉलेज रोड

वरील दोन्ही उत्तरे चांगली असली तरी त्यांवरून ‘पाणी सगळीकडे फुकट’ असा समज होऊ नये म्हणून लिहिते. आम्ही भूमध्य समुद्रातील एका क्रूझवर गेलो होतो. रात्रीच्या जेवणाला बसलो, वाढप्याने ‘साधे की बुडबुड्यांचे?’ असे अदबीने विचारले, यजमानांनी ‘साधे’ म्हटले आणि काचेची बाटली उघडून टेबलावर ठेवण्यात आली. नळाचे पाणी मागितले तेव्हा, ते भोजनकक्षात दिले जात नाही, बुफेमध्ये जाऊन प्यावे, असे उत्तर मिळाले. त्यानंतर रोज जेवणापूर्वी आम्ही वरच्या मजल्यावर जाऊन पाणी पिऊन येत असू. भाड्यापोटी एवढी रक्कम घेतल्यावर जेवणाच्या पानावर पाणी मिळू नये, हे माझ्या मनाला आजही पटत नाही. त्या भागात रेस्तराँमध्ये बाटलीचेच पाणी घेण्याची पद्धत आहे असे नंतर अनेकांनी समजावले. पण जो माणूस जहाजातून उतरून दुसरीकडे जेवायला जाऊ शकत नाही, त्याला ती पद्धत लावणे मला योग्य वाटत नाही.

आपले जहाज सिंगापूरचे असल्यामुळे कदाचित असे होणार नाही. तरीही ‘पिण्याचे पाणी समाविष्ट’ म्हणजे जेवणाच्या टेबलावर की केवळ बुफेमध्ये, हे टूर कंपनीकडून लेखी घ्यावे. आणि आई-बाबांसाठी एखादे पॅकेज घ्यायला हरकत नाही, असे माझे मत आहे. रात्री औषध घ्यायला पाणी लागले तर म्हातारी माणसे चार मजले चढून बुफेपर्यंत जाणार नाहीत.

उत्तर : पंचवटीतील डॉक्टर

वैद्यकीय बाजूने एवढेच की जहाजावर पोट बिघडल्याच्या ज्या बातम्या येतात त्यांमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो, आणि तो प्रामुख्याने माणसांच्या हातांवाटे, पृष्ठभागांवाटे व दूषित अन्नातून पसरतो. त्यावर हातांना चोळायचे सॅनिटायझर पुरेसे नसते. साबण व पाणी लावून हात धुवावेत, विशेषतः बुफेचा चमचा हाताळल्यावर व जेवायला बसण्यापूर्वी. बाटलीचे पाणी प्यायचे, आणि त्यात टाकलेला बर्फ, वर घेतलेला चहा, भात व वरण मात्र जहाजाच्याच पाण्याचे, यात फारसे संरक्षण नाही. चव आवडत नाही म्हणून वयस्कर माणसे पाणीच कमी पितात, हा धोका मला अधिक मोठा वाटतो. ती प्यायला राजी होतील ते पाणी त्यांना द्यावे.

प्रश्नकर्ता : गंगापूर रोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका राहिल्या. बाटलीवर छापील किंमत असेल तर तिच्याहून अधिक दर जहाजावर कसा आकारता येतो? आणि आईच्या उकळलेल्या पाण्याचे काय? आम्ही विजेची छोटी किटली नेण्याचा विचार करीत आहोत.

उत्तर : वकील, नाशिकरोड

छापील किमतीचा मुद्दा येथे उपयोगी पडणार नाही. आपल्याकडेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे ठरवले की हॉटेल व रेस्तराँ जेव्हा बसायला जागा, वातावरण व सेवा यांसह बाटलीबंद पाणी देतात, तेव्हा तो केवळ वस्तूच्या विक्रीचा व्यवहार नसतो व त्यांना छापील किमतीचे बंधन राहत नाही. परदेशी ध्वजाखालील जहाज खोल समुद्रात असताना तर आपला वजनमापे कायदा पुढे करण्यात अर्थ नाही. शिवाय बाटलीच्या दरावर अनेक कंपन्या १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप लावतात, ते धरूनच पॅकेजची तुलना करावी. आधी संकेतस्थळावरून घेतलेले पॅकेज जहाजावर घेतलेल्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

भारतात नोंदणी झालेल्या टूर कंपनीने लेखी आश्वासन देऊन ते पाळले नाही, तर मात्र ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी ते माहितीपत्रक जपून ठेवावे, दोन्ही पानांसह.

उत्तर : माजी क्रूझ कर्मचारी, इंदिरानगर

किटली नेऊ नका. उष्णता निर्माण करणारी उपकरणे आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर निषिद्ध असतात. सामान तपासताना ती काढून घेतात व शेवटच्या दिवशी परत देतात. आशियातील सफरींवर काही जहाजांच्या खोलीतच किटली ठेवलेली असते, नसेल तर पहिल्याच दिवशी मागून पाहावी. चहा-कॉफीच्या यंत्राजवळ गरम पाण्याची वेगळी तोटी असते, ती बुफे उघडे असेपर्यंत चालू असते. चांगला स्टीलचा थर्मास बरोबर घ्यावा, रात्रीच्या जेवणानंतर मगमधून ओतून तो भरावा व खोलीत आईंच्या उशाशी ठेवावा. त्यातच रात्रीच्या औषधाची सोय होते, त्यामुळे कॉलेज रोडच्या ताईंनी सुचवलेल्या पॅकेजची गरज मला वाटत नाही. पण आईंना बाटलीचे सील पाहूनच समाधान वाटत असेल तर दोघांत मिळून एकच पॅकेज घ्या, बाकीच्यांसाठी नको.